हॉट रॉडमधला सरळ सहा

1932 साली अमेरिकेच्या बाजारात दोन स्वस्त मोटारी एकमेकींसमोर उभ्या होत्या. फोर्डच्या नव्या गाडीत 221 घनइंचांचे, म्हणजे साधारण 3.6 लिटरचे, व्ही-आठ इंजिन होते. त्याची शक्ती 65 अश्वशक्ती. शेव्हरलेच्या गाडीत 194 घनइंचांचे, एका ओळीत सहा सिलेंडर बसवलेले इंजिन होते. त्याची शक्ती 60. फरक जेमतेम पाच अश्वशक्तीचा. तरीही पुढे हॉट रॉडचा जो इतिहास लिहिला गेला त्यात फोर्डचे व्ही-आठ नायक झाले आणि सरळ सहा सिलेंडरांचे इंजिन ‘ज्याला आठ परवडत नाही त्याचे’ म्हणून कडेला गेले. आजही घरी हॉट रॉड बांधायला घेतलेल्या माणसाने सहा सिलेंडरांचे इंजिन निवडले की त्याला कारण विचारले जाते. आठ निवडणाऱ्याला कोणी विचारत नाही. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. घरगुती बांधणीत इंजिन निवडताना त्याची शक्ती किती, यापेक्षा त्याचा कमकुवतपणा कुठे आहे आणि तो आपल्या हाती दुरुस्त होण्याजोगा आहे का, हा प्रश्न मोठा असतो. या प्रश्नाला सरळ सहाने गेली नव्वद वर्षे फार चांगले उत्तर दिले आहे.

हॉट रॉड म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. दक्षिण कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पलीकडे म्युरॉक, एल मिराज यांसारखी कोरडी तळी आहेत. उन्हाळ्यात त्यांचा तळ वाळून सपाट, टणक मैदान होतो. 1920 आणि 30 च्या दशकांत तरुण मुले जुन्या मोटारी घेऊन तिथे वेग मोजायला जात. गाडी बहुधा फोर्डची मॉडेल टी किंवा मॉडेल ए असे. मॉडेल टी दीड कोटीहून जास्त बनली होती, त्यामुळे भंगारात ती मुबलक आणि कवडीमोल. मडगार्ड, टप, बोनेट, जे जे वजन वाढवते ते काढून टाकायचे आणि इंजिनातून कारखान्याने काढली त्याहून जास्त ताकद काढायची, ही रीत. 1937 साली या मंडळींच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि वेग मोजण्याला शिस्त आली. या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी एकच तत्त्व होते: जे स्वस्तात मिळते ते घ्या, ते का असे बनवले आहे हे समजून घ्या आणि स्वतःच्या हाताने सुधारा. पैसे मोजून मिळालेल्या वेगापेक्षा कमावलेल्या वेगाला तिथे मान होता. इंजिनाच्या निवडीचा विचार याच तत्त्वाच्या कसोटीवर व्हायला हवा.

शेव्हरलेचे सहा सिलेंडरांचे इंजिन 1929 साली आले. ‘चारच्या किमतीत सहा’ अशी त्याची जाहिरात होती आणि पहिल्याच वर्षी अशा दहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. सिलेंडर आणि पिस्टन बिडाचे, बोल्ट चुलीच्या बोल्टसारखे दिसणारे, म्हणून लोकांनी त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ असे नाव ठेवले. नाव साधे असले तरी एका बाबतीत हे इंजिन फोर्डच्या पुढे होते. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये, सिलेंडरच्या वर होते. फोर्डच्या व्ही-आठमध्ये ते ब्लॉकमध्ये, सिलेंडरच्या बाजूला होते. बाजूच्या व्हॉल्व्हमुळे हवा वळणे घेत आत जाते आणि जळलेला वायू वळणे घेत बाहेर पडतो. फोर्डमध्ये तर हा तापलेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर नेलेला होता, आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलेंडरांना मिळून एकच वाट होती. इंजिन तापण्याची फोर्डची प्रसिद्ध तक्रार या रचनेतून आली. हा दोष ओतीव लोखंडातच असल्यामुळे पान्याने खोलून बाहेर काढता येत नव्हता. शेव्हरलेचा दोष मात्र हेडमध्ये होता, आणि हेड खोलता येते, घासता येते, बदलता येते. पुढचा बराच इतिहास या एका फरकाने घडवला.

मग तळ्यांवर फोर्डच का गाजली? याची कारणे इंजिनापेक्षा गाडीत जास्त सापडतात. त्या काळात शेव्हरलेच्या बॉडीचा सांगाडा लाकडी असे आणि त्यावर पत्रा ठोकलेला असे. दहा-बारा वर्षांत लाकूड कुजले की बॉडी खिळखिळी होई. फोर्डची बॉडी पोलादी होती, म्हणून भंगारातून ती धड हाती येई. फोर्डचे भाग वर्षानुवर्षे एकमेकांत बसत. 1932 चे व्ही-आठ मॉडेल ए मध्ये बसवणे फारसे अवघड नव्हते. शेव्हरलेच्या सहाची एक खरी उणीवही होती. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग ओतीव बॅबिट धातूची होती आणि तेल दाबाने पोहोचण्याऐवजी रॉडच्या टोकावरच्या पळीने उचलले जाई. सावकाश चालणाऱ्या गाडीला ते पुरे, पण शर्यतीच्या वेगाला अपुरे. या कारणांमुळे फोर्डसाठी मॅनिफोल्ड, हेड आणि कॅमशाफ्ट बनवणारी दुकाने आधी निघाली, आणि दुकाने निघाली म्हणून आणखी लोक फोर्डकडे वळले. व्यापार असाच स्वतःला खतपाणी घालत वाढतो. त्यात फोर्डच्या इंजिनाचा काही मोठेपणा सिद्ध झाला असे मानण्याचे कारण नाही.

पुरवठा बदलला की पसंती बदलते, याचा चांगला पुरावा ऑस्ट्रेलियात आहे. तिथे 1948 च्या अखेरीस होल्डनची पहिली गाडी आली. तिच्यात 132 घनइंचांचे, एका ओळीतल्या सहा सिलेंडरांचे, 60 अश्वशक्तीचे इंजिन होते. व्ही-आठ गाड्या त्या देशात तुलनेने महाग आणि कमी, तर होल्डन दारोदारी. त्यामुळे तिथल्या वेगवेड्या तरुणांनी हेच छोटे सहा हाती घेतले. मोटरसायकलच्या इंजिनांसाठी नावाजलेले अभियंते फिल आयर्विंग यांनी रेप्को कंपनीसाठी या इंजिनाचे नवे हेड तयार केले. मर्व्ह वॅगॉट यांनी त्यावर दोन कॅमशाफ्टचे हेड चढवले. म्हणजे ज्या देशात सहा स्वस्त आणि हाताशी होते, तिथे वेगाचा सगळा धंदा सहाभोवती उभा राहिला. कॅलिफोर्नियात फोर्डची आणि मेलबर्नमध्ये होल्डनची निवड करणारी माणसे एकाच स्वभावाची होती. त्यांच्या भोवतीचा भंगारबाजार तेवढा वेगळा होता.

आता या इंजिनाच्या अंगभूत गुणांकडे वळू. चार सिलेंडरांच्या साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना काही बले एकमेकांना छेदत नाहीत आणि ती थरथर होऊन चासीपर्यंत पोहोचतात. एका ओळीतल्या सहामध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमाची ही बले आणि त्यांमुळे होणारी डोलण्याची प्रवृत्ती, दोन्ही आपोआप शून्य होतात. वेगळा तोलदंड लागत नाही. क्रँकशाफ्टच्या दर 120 अंशांना एक स्फोट होतो, आणि त्यांचा क्रम असतो 1-5-3-6-2-4. हा क्रम नीट पाहिला तर एक सुंदर गोष्ट दिसते: स्फोट एकदा पुढच्या तिघांत, एकदा मागच्या तिघांत, असा आळीपाळीने होतो. म्हणून बिडाचा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मधोमध कापून पुढच्या तिघांना एक नळी आणि मागच्या तिघांना दुसरी दिली, तर प्रत्येक नळीत बरोबर 240 अंशांच्या समान अंतराने वायू येतो आणि कोणाचा धूर कोणाच्या वाटेत येत नाही. करवत आणि वेल्डिंग एवढ्या सामग्रीवर होणारे हे काम 1940 च्या दशकात शेव्हरलेवाल्यांचे पहिले काम असे. नेहमीच्या व्ही-आठमध्ये एका बाजूच्या चार सिलेंडरांचे स्फोट असमान अंतरांनी होतात. त्याची घोगरी गुरगुर लोकांना आवडते, पण सहाचा तो दुहेरी, एकसुरी नाद त्याच्या समतोलातून आलेला आहे आणि तोही तितकाच अस्सल आहे.

समतोल उत्तम, पण श्वास कोंडलेला, अशी या इंजिनाची अवस्था कारखान्याने मुद्दाम ठेवली होती. स्टोव्हबोल्टच्या सहा सिलेंडरांना हवा आत घेण्यासाठी तीनच वाटा होत्या. शेजारच्या दोघांत एक. बाहेर जाण्यासाठी चार. कारखान्याला कमी वेगात खेचणारे, पेट्रोल वाचवणारे, स्वस्तात ओतता येणारे इंजिन हवे होते आणि त्या हिशेबाने ही रचना बरोबरच होती. पण ताकद वाढवायला गेले की तिचा अडसर होई. पहिला आणि दुसरा सिलेंडर एका वाटेने हवा घेतात, आणि स्फोटाच्या क्रमामुळे दुसऱ्यानंतर 240 अंशांतच पहिल्याची पाळी येते. पाचव्या-सहाव्याचे तेच. मधल्या तिसऱ्या-चौथ्याला मात्र 360 अंशांचे निवांत अंतर मिळते. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट बसवला की टोकांच्या जोड्यांत एकाचा श्वास दुसऱ्यावर चढतो आणि मधल्या जोडीला वेगळेच मिश्रण मिळते. तीन कार्ब्युरेटर लावून थोडा फायदा होई, पण मूळ प्रश्न वाटांचा होता. वेन हॉर्निंग यांनी तो मुळापासून सोडवला. त्यांनी शेव्हरलेसाठी असे हेड ओतवले की ज्यात सहा वाटा आत जाण्याच्या आणि सहा बाहेर पडण्याच्या, अशा बारा वेगळ्या वाटा होत्या. ‘वेन’ या नावाने विकले गेलेले हे बारा पोर्टचे हेड युद्धोत्तर काळातल्या कॅलिफोर्नियाच्या कारागिरीचा मानबिंदू आहे. दोष शोधला, तो खोलता येणाऱ्या भागात होता, म्हणून तो भागच बदलला. फोर्डच्या ब्लॉकमधल्या त्या तापलेल्या वाटांना असे उत्तर देणे शक्य नव्हते.

तेल आणि बेअरिंगची राहिलेली उणीव महायुद्धाने भरून काढली. जनरल मोटर्सच्याच जीएमसी शाखेने अमेरिकी सैन्यासाठी सहा चाकांचे, अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक बनवले. त्यांत 270 घनइंचांचे सरळ सहा होते. दिसायला ते शेव्हरलेच्या थोरल्या भावासारखे, पण त्यात दाबाने तेल पुरवले जाई आणि बेअरिंग बदलता येण्याजोगी होती. युद्ध संपल्यावर हे ट्रक आणि त्यांची इंजिने सरकारी जादा माल म्हणून बाजारात आली. शेव्हरलेच्या गाडीत थोड्या फेरफाराने जीएमसीचे हे इंजिन, म्हणजेच ‘जिमी’, बसवता येई. 1952 नंतर 302 घनइंचांचे आणखी मोठे जिमी आले आणि हॉर्निंग यांचे बारा पोर्टचे हेड जीएमसीसाठीही निघाले. बिल फिशर यांनी ‘कॅलिफोर्निया बिल’ या नावाने या इंजिनांवर माहितीपुस्तके छापली, म्हणजे गॅरेजमध्ये बसलेल्या मुलाला छापील मार्गदर्शनही मिळाले. हा सगळा काळ आपल्याकडच्या वाचकाला अगदी परका नाही. 1928 साली मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना सुरू झाला आणि नंतर शेव्हरलेची सहा सिलेंडरांची इंजिने तिथल्या ट्रकांतून आणि मोटारींतून बाहेर पडली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1947 पासून जुळवल्या गेलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्याही सरळ सहाच्याच. ओझे वाहून न थकणारे इंजिन अशीच त्याची इथली ओळख राहिली. हॉट रॉड बांधणाऱ्यांनी ओझे वाहण्याची ती मजबुती वेगाच्या कामी लावली.

सहा सिलेंडरांचे इंजिन आठला हरवू शकते, याचा जाहीर पुरावा कोणी मागितला तर हडसन हॉर्नेटचे नाव पुढे येते. 1951 साली आलेल्या या गाडीत 308 घनइंचांचे सरळ सहा होते, तेही जुन्या पद्धतीच्या बाजूच्या व्हॉल्व्हचे. समोर ओल्ड्समोबिल आणि क्रायस्लर यांची नवी, वरच्या व्हॉल्व्हची व्ही-आठ इंजिने. तरीही 1952 च्या नॅसकार मोसमात 34 पैकी 27 शर्यती हडसनने जिंकल्या. हर्ब थॉमस 1951 आणि 1953 चे विजेते, तर टिम फ्लॉक 1952 चे. दोन कार्ब्युरेटरांची ‘ट्विन एच-पॉवर’ जोडणी कारखान्याकडूनच मिळू लागली. यावर रास्त आक्षेप असा की विजयाचे श्रेय एकट्या इंजिनाला देता येणार नाही. हडसनची बॉडी खाली बसकी होती, गाडीचा भारमध्य जमिनीजवळ होता आणि वळणावर ती इतरांपेक्षा ठाम राही. हे मान्यच केले पाहिजे. पण त्यातून माझा मुद्दा पक्काच होतो. गाडी जिंकते ती इंजिन, चासी आणि वजन यांच्या मेळाने, आणि सहाचा एकसारखा, खालच्या वेगापासून मिळणारा जोर अशा मेळात नीट बसतो. घरी बांधलेल्या गाडीत तर हा मेळ साधणे हेच खरे काम असते.

मग 1955 साली काय घडले? त्या वर्षी शेव्हरलेचे 265 घनइंचांचे छोटे व्ही-आठ आले आणि हॉट रॉडचे जग काही वर्षांत त्याच्याकडे वळले. हे इंजिन उत्तम होते, यात वाद नाही. पण त्यामागे ठरवून आखलेले धोरणही होते. झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने डिसेंबर 1953 मध्ये शेव्हरलेच्या वरिष्ठांना एक टिपण लिहिले. हॉट रॉडची मासिके फोर्डने भरलेली आहेत, या नादाला लागलेला तरुण पुढे फोर्डचाच ग्राहक होतो, म्हणून आपल्या नव्या व्ही-आठसाठी ताकदीचे भाग कारखान्यानेच तयार ठेवावेत, असा त्याचा आशय होता. कंपनीने तेच केले. ज्या कॉर्व्हेटची सुरुवात 1953 मध्ये तीन कार्ब्युरेटरांच्या, 150 अश्वशक्तीच्या सहा सिलेंडरांच्या इंजिनाने झाली होती, तिच्यात दोन वर्षांत व्ही-आठ आले. ताकद आता कॅटलॉगमधून मागवता येऊ लागली. त्याने लाखो लोकांची सोय झाली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली: दोष शोधून उपाय घडवण्याची गरज. सहा निवडणाऱ्याकडे ती गरज राहिली, आणि तिच्याबरोबर कोरड्या तळ्यांवरच्या तरुणांचा मूळ धर्मही.

सहाविरुद्धचा सर्वांत जोरदार आक्षेप पैशाचा आणि वजनाचा आहे. तेवढ्याच खर्चात व्ही-आठ जास्त ताकद देते, आणि सहा हलके असेल ही समजूतही चूक आहे. शेव्हरलेचे 1955 चे व्ही-आठ त्याच कंपनीच्या सहापेक्षा काहीसे हलकेच भरत होते. ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि पाव मैलाच्या शर्यतीत पहिले यायचे असेल तर त्यांपुढे युक्तिवाद चालत नाही. पण घरी बांधलेल्या बहुतेक हॉट रॉडचे काम ते नसते. मॉडेल ए रोडस्टरचे वजन एक टनाच्या आसपास. पहिल्या कॉर्व्हेटच्या इंजिनाएवढी, म्हणजे 150 अश्वशक्तीच्या आसपासची ताकद अशा गाडीला दिली तर तिला रस्त्यावर कमी पडण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट जुन्या चासीला, जुन्या मापाच्या ब्रेकना आणि अरुंद टायरना तिनशे अश्वशक्ती देणे म्हणजे मग गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, ब्रेक, सारेच बदलत बसणे आहे. इंजिन स्वस्त पडते आणि गाडी महाग होते. ताकदीचा हिशेब एकट्या इंजिनापुरता मांडला तर आठ जिंकते. पूर्ण गाडीचा मांडला तर चित्र बदलते.

दुसरा आक्षेप यंत्रशास्त्राचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. सहा सिलेंडर एका ओळीत ठेवायचे तर इंजिन लांब होते. लांबी आवाक्यात ठेवायला सिलेंडर अरुंद ठेवावे लागतात, आणि मग घनफळ मिळवायला पिस्टनचा फेरा लांबवावा लागतो. शेव्हरलेच्या 235 घनइंची सहामध्ये हा फेरा 100 मिलिमीटरचा, तर 265 घनइंची व्ही-आठमध्ये 76 मिलिमीटरचा. मिनिटाला 5000 फेऱ्यांवर सहाचा पिस्टन सरासरी 1000 मीटर धावतो आणि आठचा सुमारे 760. शिवाय लांब क्रँकशाफ्ट प्रत्येक स्फोटाला किंचित पिळवटतो, आणि ठरावीक फेऱ्यांवर हा पीळ वाढत जाऊन क्रँकशाफ्ट मोडू शकतो. म्हणून पुढच्या टोकाला रबर बसवलेला डॅम्पर लागतो. या मर्यादा खऱ्या आहेत. त्यांचे उत्तर असे की सहाला त्याच्या वेगात राहू द्यावे. त्याचा जोर खालच्या फेऱ्यांत आहे; गिअरचे प्रमाण त्याला साजेसे निवडले तर 4500 च्या वर जाण्याची गरज क्वचितच पडते. रस्त्यावरच्या गाडीला हवा असतो तोच हा जोर. पुढे कारखान्यांनीही या उणिवेवर काम केले: 1937 पासूनच्या स्टोव्हबोल्टमध्ये क्रँकशाफ्टला चार मेन बेअरिंगचा आधार होता, तर 1962 नंतरच्या शेव्हरलेच्या आणि 1965 नंतरच्या फोर्डच्या 240 आणि 300 घनइंची सहामध्ये सातांचा. प्रत्येक सिलेंडरच्या दोन्ही बाजूंना आधार असलेला असा पाया त्या काळच्या व्ही-आठमध्येही नव्हता. तिथे आठ सिलेंडरांना पाचच.

तिसरा आक्षेप जागेचा. मॉडेल ए ची दोन चाकांमधली लांबी 103.5 इंच, 1932 च्या फोर्डची 106, आणि दोन्हींचे बोनेट आखूड इंजिनांसाठी आखलेले. सहा बसवायचे तर फायरवॉल कापून मागे घ्यावी लागते किंवा रेडिएटर पुढे सरकवावा लागतो. बहुधा थोडे दोन्ही. हे काम आहे, आणि ते चुकले तर गाडीचे प्रमाण बिघडते. पण लांबी हा दोष मानण्यापेक्षा तिला रचनेचा भाग मानणारे बांधणारे चांगली गाडी बांधतात. सहा लांब असले तरी अरुंद असते. दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहते. स्टीअरिंगचा दांडा, एक्झॉस्टच्या नळ्या आणि स्टार्टर यांची व्ही-आठमध्ये होणारी दाटी इथे होत नाही. स्पार्क प्लग बदलायला खांदा वाकवावा लागत नाही. क्रायस्लरने 1960 सालच्या गाड्यांसाठी काढलेले तिरके सहा तर या अडचणीचे कारखान्यानेच दिलेले उत्तर आहे. इंजिन 30 अंशांनी कलते केले, पाण्याचा पंप पुढून काढून बाजूला नेला, आणि उंची व लांबी दोन्ही कमी झाल्या. कलण्यामुळे एका बाजूला जी जागा सुटली तिथे हवेच्या लांब नळ्या बसल्या. याच नळ्या आणखी लांबवून, मोठा कार्ब्युरेटर आणि तापट कॅमशाफ्ट देऊन ‘हायपर पॅक’ नावाची जोडणी विकली गेली, आणि 170 घनइंचांच्या इंजिनाची ताकद 101 वरून 148 अश्वशक्तीवर गेली. जानेवारी 1960 मध्ये डेटोना इथे झालेल्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत या व्हॅलियंट गाड्यांनी पहिले सातही क्रमांक पटकावले. पुन्हा तेच: पायाला हात न लावता, फक्त श्वास मोकळा केल्याने ही वाढ मिळाली.

हाच धागा धरून आजच्या निवडीकडे येता येते. जुने रूप हवे असेल तर 1954 ते 62 मधले शेव्हरलेचे 235 सर्वांत शहाणपणाचे. दाबाचे तेल आणि बदलता येणारी बेअरिंग मिळतात, आणि चेहरा स्टोव्हबोल्टचाच राहतो. 1962 नंतरच्या 194, 230, 250 आणि 292 घनइंची शेव्हरलेचा पाया आणखी भक्कम, पण त्यांच्या हेडमध्ये हवेच्या वाटेच्या मधोमध बोल्टचा खांब आहे. बांधणाऱ्यांनी तो खांब काढून वाटेच्या तळाला धातूचा घडीव उंचवटा बसवण्याची युक्ती शोधली आणि ती आता रूढ झाली आहे. फोर्डचे 300 घनइंची सहा 1965 पासून 1996 पर्यंत बनत राहिले. त्याचा कॅमशाफ्ट साखळीऐवजी गिअरने फिरतो, आणि ट्रकसाठी बनलेले असल्याने ते झिजायला फार वेळ घेते. फोर्ड फाल्कनच्या छोट्या सहापासून मात्र सावध राहावे. त्यात हवेचा मॅनिफोल्ड हेडबरोबरच एकसंध ओतलेला आहे, म्हणजे दोष नेमका न खोलता येणाऱ्या जागी. म्हणून अमेरिकेतले बांधणारे ऑस्ट्रेलियातल्या फोर्डचे सुटा मॅनिफोल्ड असलेले हेड शोधत असत. इंजेक्शनची सोय हवी असेल तर 1987 ते 2006 या काळात जीपमध्ये आलेले 4 लिटरचे सहा भंगारात विपुल आहे. या यादीत एकच एक विजेता नाही, पण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारता येतो: याचा अडसर कुठे आहे, आणि तो माझ्या हातच्या साधनांनी दूर होईल का?

परंपरेचा आक्षेप शेवटी उरतो. हॉट रॉड म्हणजे 1932 ची फोर्ड आणि तिच्यात व्ही-आठ, बाकी सगळे हौसेचे प्रकार, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण परंपरा कशाला म्हणायचे? ठरावीक भागांच्या यादीला की ते भाग ज्या रीतीने निवडले गेले त्या रीतीला? 1930 च्या दशकातल्या मुलांनी फोर्डचे व्ही-आठ घेतले कारण ते त्यांच्या गल्लीतल्या भंगारात होते आणि त्यातून काय काढता येईल हे त्यांना कळत होते. आज तेच इंजिन संग्राहकांच्या किमतीला मिळते आणि तडे न गेलेला ब्लॉक मिळायला शोधाशोध करावी लागते. त्याच मुलांना आजच्या भंगारात सोडले तर ती ट्रकांतली आणि जीपांतली सहा सिलेंडरांची इंजिने उचलतील, असे मानायला जागा आहे. सहासाठी सुटे भाग कमी मिळतात ही अडचण काही अंशी खरी आहे, पण शेव्हरले, फोर्ड आणि जीप यांच्या इंजिनांना बेअरिंग, पिस्टन, गॅस्केट आजही सहज उपलब्ध आहेत. ज्या थोड्या वस्तू मिळत नाहीत त्या घडवाव्या लागतात, आणि घडवता येणे हीच या छंदाची मूळ अट होती.

म्हणून घरी हॉट रॉड बांधायला बसलेल्या माणसाला माझा सल्ला स्पष्ट आहे. पाव मैलाचे घड्याळ हेच ध्येय असेल तर व्ही-आठ घ्यावे आणि त्याबद्दल कोणतीही शंका बाळगू नये. पण रस्त्यावर चालवायची, समजून घ्यायची आणि वर्षानुवर्षे सुधारत न्यायची गाडी हवी असेल, तर सरळ सहा ही तडजोड मानू नये. कारखान्यांनी त्याचा पाया ओझ्यासाठी मजबूत केला आणि काटकसरीसाठी त्याचा श्वास रोखून धरला. हॉर्निंग यांच्या हेडपासून हायपर पॅकपर्यंत ज्यांनी ज्यांनी तो श्वास मोकळा केला, त्यांना त्या पायाने साथ दिली. दुरुस्त करता येण्याजोग्या जागी दोष असलेले आणि न बदलता येणाऱ्या जागी भक्कम असलेले यंत्र कारागिराला क्वचित मिळते. सरळ सहा तसे आहे, आणि ते हाताने इंजिन बांधणाऱ्याच्या पहिल्या पसंतीला पात्र आहे.